पाकटाचा काटा आणि गंगाळातले पाणी

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता आणि पावसाळाभर किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. हर्णै बंदराजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी परिचारिका आहे. या दिवसांत दोराने तळवे सोललेले, बोटात गळ रुतलेले खलाशी आमच्याकडे रोज येतात. पण त्या दुपारी चौघांनी उचलून आणलेला पंचविशीतला तरुण वेदनेने अक्षरशः तळमळत होता. जाळे रिकामे करताना पाकट या चपट्या माशाने शेपटी मारली होती आणि काटा डाव्या घोट्याखाली घुसला होता.

पाकटाच्या शेपटीवरचा हा काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि त्यात विष असते. जखम बोटभरच दिसते, वेदना मात्र मांडीपर्यंत चढते. यावरचा पहिला उपचार अगदी साधा आहे: सुमारे ४५ अंश तापमानाच्या पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, कारण त्या विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात. पाणी किती गरम हवे, हे मात्र रुग्णाला विचारून ठरवायचे नसते. वेदनेने बधिर झालेल्या पायाला भाजल्याचेही कळत नाही, म्हणून परिचारिकेने आधी आपला हात बुडवून पाहायचा आणि पाणी निवले की पुन्हा गरम पाणी घालून पुन्हा हात बुडवायचा.

मी टब घेऊन त्याच्या पायांशी जमिनीवर बसले. पायाला माशांचे खवले चिकटले होते, डिझेलचा काळा थर होता आणि खाऱ्या पाण्याने टाचांना भेगा पडल्या होत्या. मी पाय हातात घेतला तेव्हा इतक्या वेदनेतही त्याने तो झटकन मागे ओढला. "नको सिस्टर, पायाला हात नका लावू. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या." आपल्याकडे धाकट्याने थोरल्यांच्या पाया पडायचे असते, थोरली बाई आपल्या पायाशी बसली, या कल्पनेनेच तो संकोचून गेला होता. त्याला समजावून तो पाय पाण्यात ठेवेपर्यंत दोन मिनिटे गेली. त्या दोन मिनिटांत, लहानपणापासून चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबल वर्गात, ऐकलेला बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय मला पहिल्यांदा खरोखर समजला. प्रभू येशू कंबरेला रुमाल बांधून, गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुऊ लागला तेव्हा पेत्र या शिष्यानेही असेच पाय मागे घेतले असतील. आजवर मला पेत्राचा तो नकार हट्ट वाटत होता. त्या दिवशी त्यातली माया आणि लाज दिसली.

मी काम करताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे भजन गुणगुणते. ही माझी जुनी सवय आहे. अर्ध्या तासाने वेदना उतरू लागली तेव्हा त्याने विचारले, "हा अभंग तुकोबांचा का?" मी सांगितले की हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या एका कवीचा आहे, त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांवरचे त्यांचे प्रेम शेवटपर्यंत तसेच राहिले. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला: "सिस्टर, असले पाय धुताना तुम्हाला किळस येत नाही? उलट तुम्ही खूश दिसता."

येथे मी थांबले. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका वृद्ध रुग्णाच्या उशाशी, त्यांनी न मागता, शुभवर्तमानाची पुस्तिका ठेवली होती. त्यांनी ती नाकारली नाही, पण त्यानंतर माझ्याशी मोकळेपणाने बोलणे बंद केले. उपचारासाठी आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाला नकार देणे किती कठीण असते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्या दिवसापासून, कोणी विचारल्याशिवाय खाटेपाशी विश्वासाविषयी बोलायचे नाही, हा नियम मी पाळते. त्याच पेत्राने बायबलमधील आपल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे तेही हेच की, तुमच्या आशेचे कारण जो विचारील त्याला उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. येथे त्याने स्वतःहून विचारले होते. म्हणून मी म्हणाले, "माझ्या गुरूने हे काम आधी केले आहे. ते माझ्या वाट्याला आले की मला आनंद होतो." आणि ती गोष्ट सांगायला घेतली. गंगाळ म्हणजे काय, ते त्याला समजावावे लागले नाही. त्याच्या आजीकडे तांब्याचे होते. पेत्र मासेमार होता आणि जाळी टाकून येशूच्या मागे गेला होता, हे ऐकताच तो कोपरावर उठून बसला. "कोळी होता?" पेत्राने पाय मागे घेतला, येथपर्यंत मी आले आणि डॉक्टरांनी त्याला क्ष-किरण तपासणीसाठी नेले. काट्याचे टोक आत मोडले होते. ते काढून, धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन संध्याकाळी त्याला घरी पाठवले.

रथातल्या हबशी अधिकाऱ्याला फिलिप्प या येशूच्या अनुयायाने शास्त्रलेख उलगडून सांगितला तेव्हा तो अधिकारी आनंद करीत आपल्या वाटेने गेला, असे बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. फिलिप्पाला काय वाटले ते तेथे लिहिलेले नाही, पण त्या रात्री घरी चालत जाताना मला ते कळले होते. त्या तरुणाने पुढे काय मानावे, याची काळजी मला वाटत नव्हती. मला विचारले गेले आणि मी सांगू शकले, एवढ्यानेच मन भरून आले होते.

आठ दिवसांनी तो पट्टी बदलायला आला तेव्हा त्याच्याबरोबर पिकल्या मिशांचा तांडेल, म्हणजे त्याच्या बोटीचा प्रमुख, होता. तो दारातूनच म्हणाला, "सिस्टर, याने बोटीवर अर्धीच गोष्ट सांगितली. त्या कोळ्याने शेवटी पाय धुऊन घेतले की नाही?"

मी ड्रेसिंगचा ट्रे खाली ठेवला. "घेतले. आणि वर म्हणाला, नुसते पायच कशाला, हात आणि डोकेही धुवा."

तांडेल मोठ्याने हसला. "हे खरे कोळ्याचे बोलणे," असे म्हणत त्याने स्टूल ओढले आणि बसून विचारले, "मग पुढे?"