सायकल लेन: रस्त्यावरच की वेगळी रेषा?

तुम्ही विचारलंत म्हणून. ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर) काम सुरू केलेला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतोच: सायकल लेन रस्त्याच्या रेषेवर टॅग (‘नाव=मूल्य’ अशी नोंद) लावून दाखवायची, की शेजारी वेगळी रेषा ओढायची?

आधी गाड्यांचा रस्ता आणि सायकलची जागा यांच्या मधे काय आहे ते बघा. नुसता रंगाचा पट्टा असेल तर वेगळी रेषा नको; रस्त्यावर ‘सायकलवे:लेफ्ट=लेन’ पुरे. (टॅग अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.) मधे कर्ब, झाडं किंवा खांबांची रांग असेल तर तो ट्रॅक. मग ‘हायवे=सायकलवे’ म्हणून वेगळी रेषा चालते.

कारण असं, की राउटरला (नकाशावरून मार्ग शोधणाऱ्या प्रोग्रामला) रंग दिसत नाही, रेषा आणि नोड (रेषेवरचे बिंदू) दिसतात. दोन समांतर रेषांना सामाईक नोड नसेल तर तिथून पलीकडे जाता येत नाही, असंच तो धरून चालतो. पट्टा ओलांडून सायकलस्वार समोरच्या गल्लीत सहज शिरतो. वेगळी रेषा ओढलीत की राउटर त्याला पुढच्या चौकापर्यंत नेऊन मागे आणतो. ‘वेगळी काढली की जास्त तपशील’ म्हणणाऱ्यांशी वाद होतो तो इथेच. तपशील वाढत नाही, नसलेला अडथळा वाढतो.

ट्रॅक वेगळा काढलातच, तर प्रत्येक फाट्यावर आणि क्रॉसिंगवर तो जोडा. रस्त्यावरचं ‘ट्रॅक’ काढून ‘सेपरेट’ लिहा, नाहीतर एकच ट्रॅक लांबीच्या हिशेबात दोनदा मोजला जातो. ट्रॅक वापरणं सक्तीचं असेल तरच रस्त्याला ‘बायसिकल=यूज_साइडपाथ’; फलक नसताना ‘नो’ ठोकू नका.

सगळ्यात जास्त घोळ डाव्या-उजव्याचा. लेफ्ट म्हणजे रेषा ज्या दिशेने काढलीय तिची डावी बाजू. वाहतूक कुठून चालते याच्याशी संबंध नाही. म्हणून रेषा उलटवताना जोसम (नकाशा संपादनाचा प्रोग्राम) टॅग बदलायला सुचवतो, ती खिडकी न वाचता बंद करू नका. एकदिशा रस्त्यावर उलटी लेन असेल तर ‘वनवे:बायसिकल=नो’ हवंच, शिवाय ती लेन ज्या बाजूला असेल तिथे, उदाहरणार्थ डावीकडे असेल तर, ‘सायकलवे:लेफ्ट:वनवे=-१’. अशा उलट्या लेनचं जुनं ‘ऑपोझिट_लेन’ दिसलं तर बाजू खात्रीने कळल्याशिवाय बदलू नका. त्यात बहुतेकदा बाजू लिहिलेलीच नसते.

आणि लेन चौकाच्या अलीकडेच संपत असेल, तर रस्त्याची रेषा नेमकी तिथेच तोडा.