तुम्ही विचारलंत म्हणून : नवा मॅनेजर आला की आम्ही काय बघतो

"नवा मॅनेजर आला म्हणून एवढं काय गं?" हा प्रश्न मला नवा नाही. कोल्हापूरहून धाकटा भाऊ विचारतो, लंडनमधल्या मराठी मैत्रिणी विचारतात, ऑफिसातले लिव्हरपूल-आर्सेनलवाले तर हमखास विचारतात. 2025 च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर जॅक विल्शर आमच्या लूटन टाउन या इंग्लिश फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा मी चकलीची भाजणी भिजवत होते. बातमी आली आणि पिठाचे हात तसेच घेऊन मी शेजाऱ्यांना हाक मारायला अंगणात गेले. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. म्हणाला, "अगं ताई, तुमचा क्लब दोन वर्षांत दोनदा खाली आलाय. आता इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या पायरीवर खेळताय. कसली आशा वाटते तुला?"

फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

लूटन हे लंडनच्या उत्तरेला तासाभराच्या आतलं गाव. एकेकाळी हॅट शिवण्यासाठी प्रसिद्ध, म्हणून आमच्या संघाला सगळे 'हॅटर्स' म्हणतात. क्लब 1885 चा. केनिलवर्थ रोडचं मैदान 1905 पासूनचं आणि ते बरी पार्क या वस्तीच्या अगदी पोटात आहे. आजूबाजूला मिठाईची, कपड्यांची, कबाबची दुकानं, मशिदी आणि एकाला एक चिकटलेली विटांची घरं. ओक रोडच्या बाजूनं आत शिरताना तुम्ही अक्षरशः दोन घरांमधून जाता. जिना चढलात की खाली लोकांची परसदारं दिसतात, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. बारा हजारांच्या आसपास माणसं मावतात. बाहेरून आलेल्यांना या दाराचं फार अप्रूप वाटतं. मला पहिल्या दिवशी ते ओळखीचं वाटलं, कारण आमच्याकडेही फुटबॉल पेठेतूनच निघतो. कोल्हापुरात संघ तालमींचे असतात. सकाळी ज्या गल्लीत दूध आणायला जायचं, त्याच गल्लीतली पोरं दुपारी शाहू स्टेडियमवर खेळत असायची. बाबा मला खांद्यावर बसवून न्यायचे. संघ हरला की पेठेत त्या रात्री कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

आम्ही 2008 साली लूटनला आलो. त्या मोसमाची गोष्ट इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. आधीच्या कारभाऱ्यांनी केलेल्या गैरव्यवहारांबद्दल 10 गुण आणि दिवाळखोरीतून नियमाप्रमाणे बाहेर न पडल्याबद्दल 20 गुण, असे 30 गुण मोसम सुरू व्हायच्या आधीच कापले गेले होते. शून्याच्या खाली तीस! मॅनेजर होते मिक हारफर्ड. 1988 साली आर्सेनलला 3-2 हरवून लीग कप जिंकणाऱ्या लूटनच्या संघात ते होते. शेजारच्या घरात एक गृहस्थ राहायचे, अजूनही राहतात. सगळी उमर वॉक्सॉल या मोटारकंपनीच्या कारखान्यात गेली. त्यांनी आम्हा नवराबायकोला पहिल्यांदा मैदानावर नेलं. मी त्यांना विचारलं होतं, वजा तीसवर कशाला जायचं बघायला? ते म्हणाले, पोरं खेळायला येणार आहेत ना, मग आपणही जायचं.

त्या वर्षी पोरांनी 56 गुण कमावले. तीस गेले, उरले 26, आणि आम्ही तळाला राहून लीगच्या, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांच्या, बाहेर फेकलो गेलो. पण त्याच एप्रिलमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर छोट्या क्लबांच्या ट्रॉफीची फायनल होती. चाळीस हजारांच्या आसपास लूटनकर तिथे जमले आणि आम्ही स्कनथॉर्पला 3-2 हरवलं. शेजारच्या गृहस्थांना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

पुढची पाच वर्षं लीगबाहेर गेली. त्या काळात मॅनेजर येत गेले, जात गेले. दर वेळी वाटायचं, हाच. प्लेऑफमध्ये, म्हणजे वरच्या पायरीवर जाण्यासाठीच्या शेवटच्या बाद सामन्यांत, 2011 ला हरलो, 2012 ला हरलो. शेवटी 2014 साली जॉन स्टिल यांच्या संघानं 101 गुण करून आम्हाला परत लीगमध्ये आणलं. ही वर्षं मी पटकन सांगून टाकते, कारण ज्यांनी ती काढलीत त्यांना वर्णनाची गरज नाही.

याच काळात शेजाऱ्यांची एक सवय माझ्या लक्षात आली. नवा मॅनेजर आला की त्याच्या पहिल्या मॅचला ते चेंडूकडे फारसं बघत नाहीत. आपल्यावर गोल बसला रे बसला की त्यांची नजर बेंचकडे वळते. नवा माणूस कुणावर ओरडतो, कुणाशी बोलतो, की खिशात हात घालून गप्प उभा राहतो? आपल्या मदतनिसांकडे वळतो, की आधीपासून तिथे असलेल्या जुन्या माणसाला काही विचारतो? जिंकताना सगळे सारखेच दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

आता मीही तेच बघते. भावाच्या प्रश्नाचं माझं उत्तरही तिथेच आहे. नवा मॅनेजर आम्हाला लगेच वर नेईल अशी आशा मला नसते. तो इथे आधीपासून उभं असलेलं ओळखेल, एवढीच असते. आणि ही आशा भाबडी नाही, कारण ओळखलं की काय होतं आणि नाही ओळखलं की काय होतं, हे दोन्ही आम्ही याच मैदानावर पाहिलंय.

2019 चा जानेवारी घ्या. आम्ही तिसऱ्या पायरीवर वरच्या दोनात होतो आणि ऐन मोसमात आमचे मॅनेजर नेथन जोन्स स्टोक या दुसऱ्या क्लबला निघून गेले. फार लागलं होतं ते. तात्पुरता कारभार कुणाकडे, तर परत मिक हारफर्ड यांच्याकडे, वजा तीसवाल्या मोसमातल्या त्याच माणसाकडे. त्यांनी चालतं गाडं थांबवलं नाही. खेळायची पद्धत तीच, बहुतेक माणसंही तीच. दुसऱ्यानं बांधलेलं घर आहे म्हणून भिंती पाडायच्या नाहीत, एवढा शहाणपणा त्यांच्याकडे होता. मे महिन्यात आम्ही 94 गुणांनी विजेते झालो. माझ्या मते लूटनच्या मॅनेजरांनी केलेल्या कामांमध्ये हे सगळ्यात कमी वाखाणलं गेलेलं काम आहे.

त्यानंतर आलेल्यांनी वेगळी वाट धरली, संघ तळाशी गेला, आणि 2020 च्या मे महिन्यात नेथन जोन्सच परत आले. कोविडमुळे मैदान रिकामं. आम्ही घरी टीव्हीसमोर आणि खिडकीतून शेजाऱ्यांना स्कोअर सांगत. उरलेल्या नऊ मॅचमध्ये चार जिंकल्या, चार बरोबरीत सोडवल्या, एकच हरलो. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्नला 3-2 हरवून वाचलो. ज्याच्यावर दीड वर्ष राग धरला होता, त्यानंच वाचवलं. तो राग मी त्या रात्री सोडून दिला. 2022 च्या नोव्हेंबरात ते साउदॅम्प्टनला पुन्हा निघून गेले तेव्हाही तो परत आला नाही.

त्यांच्या जागी आले रॉब एडवर्ड्स. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी त्यांना वॉटफर्डनं काढलं होतं, आणि वॉटफर्ड म्हणजे आमची समोरची पेठ! भावाला हे मी एवढंच सांगितलं की त्याला सगळं कळलं. पण एडवर्ड्स आले तेही हारफर्ड यांच्यासारखेच, आधी बघत, मग हात लावत. सहा महिन्यांत आम्ही प्लेऑफच्या फायनलला वेम्बलीवर कॉव्हेंट्रीसमोर उभे होतो. 27 मे 2023. सामना 1-1, पेनल्टींमध्ये आम्ही 6-5 जिंकलो. नऊ वर्षांपूर्वी लीगच्या बाहेर असलेला क्लब सगळ्यात वरच्या पायरीवर, प्रीमियर लीगमध्ये गेला, आणि पेली रडक म्पांझू हा आमचा खेळाडू लीगबाहेरच्या त्या दिवसांपासून इथपर्यंत एकाच क्लबबरोबर चढत आला.

प्रीमियर लीगमध्ये एकच वर्ष टिकलो. त्या वर्षीचेही गुण 26 च, वजा तीसवाल्या वर्षाइतकेच. पण त्या मोसमातला मला आठवतो तो 16 डिसेंबर. बोर्नमथच्या मैदानावर आमचा कर्णधार टॉम लॉकियर खेळता खेळता कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. एडवर्ड्स त्याच्याकडे धावत मैदानात शिरले. सामना तिथेच थांबवला गेला आणि लॉकियर वाचला. मी ते टीव्हीवर बघत होते. शेजारी माझ्या बाजूला बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझा हात घट्ट धरला. त्या दिवसानंतर एडवर्ड्स यांच्याबद्दल आमच्या घरात कुणी शंका काढली नाही, अगदी 2025 च्या जानेवारीत ते गेले तेव्हाही नाही.

2025 चं वर्ष गावाला जड गेलं. मार्चमध्ये वॉक्सॉलचा व्हॅनचा कारखाना बंद झाला. मेमध्ये आमचा संघ लागोपाठ दुसऱ्यांदा खाली आला. एडवर्ड्सनंतर आलेले मॅट ब्लूमफील्ड यांच्या हातात घसरती गाडी पडली होती, ऑक्टोबरात तेही गेले. त्यांना आणखी वेळ मिळायला हवा होता असं मला वाटतं. शेजाऱ्यांना तसं वाटत नाही. यावर आमची वादावादी अजून चालू आहे.

आणि आता विल्शर. आर्सेनल आणि इंग्लंडकडून खेळलेला, वाढलेला जवळच्याच हिचिनमध्ये, आणि नऊ वर्षांचा असताना आर्सेनलला जाण्याआधी काही काळ लूटनच्याच पोरांच्या संघात असलेला. सिनियर संघाची कायमची जबाबदारी त्याच्याकडे पहिल्यांदाच आलीय. अनुभव नाही, ही भीती खरी आहे. चांगलं जमलं तर कुणी मोठा क्लब त्याला उचलून नेईल, हीसुद्धा. पण हिचिनहून लूटनला कुठल्या रस्त्यानं येतात हे ज्याला सांगावं लागत नाही, असा माणूस आलाय. आमच्या पोरांच्या संघातून कुणी वर येत असेल तर ते त्याच्या नजरेतून सुटू नये, असं मला फार वाटतं. या क्लबचं नाव, रंग आणि बोधचिन्ह समर्थकांच्या ट्रस्टच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. 2008 नंतर क्लब ज्यांनी हातात घेतला ते समर्थकच होते. हे सगळं त्याच्या आधीपासून उभं आहे. गावातच पॉवर कोर्ट या जागी 25,000 लोकांचं नवं मैदान होणार आहे. तिथे गेलो की ओक रोडचा जिना आणि ती वाळत घातलेली कापडं मागे राहतील. तोवर इथे किती शनिवार उरलेत, हे मी मनातल्या मनात मोजते.

भावानं शेवटी विचारलं, "मग यंदा वर जाणार का?" मी म्हटलं, ते मला नको विचारूस, मी त्याला अजून नीट पाहिलेलं नाही.

शेजाऱ्यांची ऐंशी उलटली. जिना अजून चढतात, पण मैदानाच्या पलीकडचा बेंच त्यांना आता दिसत नाही. गोल बसला की ते माझ्या बाहीला धरून विचारतात, "कुणाशी बोलला गं तो?" शनिवारी घरची मॅच आहे. बेंचकडे मलाच बघायचंय.