चार स्क्रू आणि वीस तारा

जानेवारीत ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो. रात्री उशिरा फडावरून परतणाऱ्या मोटरसायकली, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत तोंडाला टॉवेल धरून बसलेली माणसं. तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारी म्हणून मला हे चित्र पाठ झालं आहे.

त्या दिवशी ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, फळ्यावर आमच्या दोन केसेस होत्या. पहिला बीडकडचा, सव्वीस वर्षांचा. तो आणि त्याची बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन आलेले. ट्रॉलीवर मागून धडकून तो हनुवटीवर आपटला होता. खालचा जबडा डावीकडे सुळ्यापाशी मोडलेला आणि उजवीकडे कानापुढच्या सांध्याची मान मोडलेली. ही जोडी आम्हाला नेहमी दिसते: एका बाजूने मार बसतो आणि त्याचा झटका पलीकडच्या सांध्यावर निघतो. उजवा सांधा मोडून आखूड झाल्यामुळे त्याच्या उजव्या दाढा आधी टेकत होत्या आणि डावीकडे फट राहत होती. त्याने सुजलेल्या ओठांतून एवढंच सांगितलं, "दातावर दात बसंना."

आमच्या कामाचा सगळा सार त्या वाक्यात आहे. तुकडे नीट जुळले का, हे आम्ही दातांवरून ओळखतो. म्हणून हाडाचे तुकडे जोडणारी धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, लावण्याआधी वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसवून जबडा तारेने बंद करायचा, तो तसाच धरून हाडावर प्लेटा लावायच्या. अमेरिकेतल्या गिल्मरने 1887 साली खालचे दात वरच्या दातांना तारेने बांधून मोडलेला जबडा स्थिर करण्याची पद्धत लिहून ठेवली. साधनं बदलली, पण मूळ विचार आजही तोच आहे.

प्रश्न असतो तो कशाने बांधायचं याचा. आर्च बार म्हणजे दातांच्या रांगेला धरून वाकवलेली, आकडे असलेली धातूची पट्टी. ती प्रत्येक दाताला वेगळ्या तारेने बांधावी लागते. दोन्ही जबड्यांना मिळून माझा सहज पाऊण तास जातो. दुसरा मार्ग स्क्रूचा. वर दोन, खाली दोन स्क्रू हिरडीतून थेट हाडात घालायचे आणि त्यांच्या डोक्यांतून तार ओवून पिळायची. दातांना धरून बांधायचंच नाही. 1989 साली ही पद्धत छापून आली आणि घाईच्या ओटीत ती सगळ्यांना आवडू लागली. पट्टी आणि स्क्रू एकत्र केलेले नवे बारही आहेत, पण ते महाग, आमच्या स्टोअरमध्ये नसतात.

आमचा पीजी, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, म्हणाला, "मॅडम, स्क्रूने घेऊ या? पंधरा मिनिटांत बांधून होईल." भूलतज्ज्ञांची तिसरी केस दुपारी दुसऱ्या विभागाची होती आणि ते घड्याळाकडे बघत होते. मी हो म्हणाले. घड्याळ बघून हो म्हणाले, हे मला आज स्पष्ट दिसतं.

नाकातून नळी घातली, रक्त खाली उतरू नये म्हणून घशात कापडाचा पॅक ठेवला, सिस्टरने फळ्यावर मोठ्या अक्षरांत "पॅक आत" लिहिलं. दोन मिलिमीटर जाडीचे, आठ मिलिमीटर लांबीचे स्क्रू. सुळ्याचं मूळ सगळ्यांत लांब, म्हणून मी बोटाने त्याचा उंचवटा चाचपून त्याच्या बाजूला, दोन मुळांच्या मधल्या हाडात स्क्रू घातले. खाली डावीकडचा स्क्रू मोडलेल्या रेषेपासून दूर ठेवायला हवा आणि ओठाची जाणीव देणारी नस जिथून बाहेर येते त्या जागेपासूनही. चारही स्क्रू बारा मिनिटांत बसले. सव्वीस गेजची तार ओवली आणि पीजीने पिळायला घेतली.

"मॅडम, समोर एकदम मस्त बसलंय."

समोरचे दात खरोखर छान जुळले होते. माझ्या सरांची सवय होती, ते बांधून झाल्यावर समोर कधी बघायचे नाहीत. गाल मागे ओढायला लावून शेवटच्या दाढांकडे बघायचे. मी गाल ओढून धरणारा रिट्रॅक्टर घातला, हेडलाइट खाली वळवली. डाव्या दाढांमध्ये चिमट्याचं टोक सहज गेलं. दाताच्या वरच्या भागावर वर्षानुवर्षं घासून सपाट झालेल्या, चमकणाऱ्या जागा असतात. वरच्या दाढेची सपाटी खालच्या दाढेच्या सपाटीवर बसली पाहिजे, तोच त्या माणसाचा खरा चावा. त्याच्या त्या जागा एकमेकांपासून जवळजवळ दोन मिलिमीटर दूर होत्या.

झालं होतं असं, की स्क्रू गालाच्या बाजूला आणि फक्त पुढे. तार पिळली की ओढ बाहेरून येते. मोडलेल्या तुकड्याला आतून, जिभेच्या बाजूने धरणारं काहीच नसतं, म्हणून तो आत कलंडतो. समोर रेघ जुळलेली दिसते आणि जिभेच्या बाजूला हाड उघडं राहतं. तार ढिली करून पुन्हा पिळली, पीजीला जबड्याचे दोन्ही कोन बाहेरून आत दाबायला लावले. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. आणि सांधा आम्ही उघडून बसवणार नव्हतो. रबर बँडनी पुढचे काही आठवडे जबड्याला वळण देत राहायचं होतं. त्यासाठी रबर तिरका, हवा त्या दातावरून हवा त्या दातावर अडकवता यायला हवा. चार स्क्रूंवर चारच जागा मिळतात. हे मला सकाळी एक्स-रेची फिल्म बघतानाच सुचायला हवं होतं.

"काढू या," मी म्हणाले. भूलतज्ज्ञांनी काही न बोलता दुपारच्या केसला उशीर होईल असं कळवलं. त्यांचे मी तेव्हाच आभार मानले.

मग आर्च बार. खालची पट्टी मोडलेल्या जागी कापून दोन तुकडे केली, म्हणजे हाडाचे दोन तुकडे मोकळेपणाने जुळवता येतात. तार दाताच्या एका फटीतून आत, मागून वळवून दुसऱ्या फटीतून बाहेर, एक टोक पट्टीच्या वर, एक खाली. आधी ओढायची, मग पिळायची, आणि नेहमी उजवीकडेच, म्हणजे नंतर घट्ट करताना कोणालाही विचारावं लागत नाही. टोक कापून हिरडीकडे वळवून गुंडाळायचं, नाहीतर गालाला टोचतं. तार टोचते ती आधी आमच्याच बोटांना. दोन जोड्या हातमोजे घालूनही वरच्या मोज्याला दोनदा भोक पडलं, दोनदा बदलले. दहा तारा वर, दहा खाली, पंचावन्न मिनिटं.

जबडा बंद केला, गाल ओढला. डावीकडे चिमटा शिरेना. दोन मिनीप्लेटा लावल्या, बांधलेलं सोडलं, हाताने जबडा उघडून-मिटून पुन्हा तपासलं. घशातला पॅक काढला, सिस्टरने फळ्यावरचं "आत" पुसून "बाहेर" लिहिलं. रबर दुसऱ्या दिवशी, तो पूर्ण शुद्धीवर आल्यावर.

दुसरी केस साठीच्या शेतकऱ्याची. बैलाचं शिंग लागलं होतं. तोंडात अकरा दात, मिश्रीने आणि हिरडीच्या आजाराने त्यातले निम्मे हलणारे. त्यांना तार बांधली असती तर दातच तारेबरोबर आले असते. तिथे मी विचार न करता स्क्रू घेतले. तेरा मिनिटं लागली, जबडा छान स्थिर राहिला आणि प्लेट लावून झाल्यावर चारही स्क्रू काढून टाकले. सकाळी ज्या साधनाने फसवलं, त्याच साधनाने दुपारी काम सोपं केलं.

चौथ्या दिवशी बीडच्या पेशंटला घरी, म्हणजे कोपीवर (तोडणी कामगारांच्या झोपडीत), सोडायचं होतं. रबर लावलेले. उलटी झाली तर ते लगेच कापायचे, म्हणून मी त्याच्या बायकोच्या हातात बारीक कातर दिली आणि आरशासमोर तिच्याकडून दोनदा सराव करून घेतला. तिने कातर उलटसुलट करून पाहिली. "डॉक्टरीणबाई, हाताला कोयत्याची सवय, ही लई बारकी वाटती." तरी दुसऱ्या वेळेला तिने बरोबर रबर धरून कापला. डाळीचं पाणी, दूध, पातळ पेज, मोठ्या सिरिंजने गालातून मागच्या दाढेपाशी सोडायचं. प्रत्येक वेळी खाऊन झालं की मिठाच्या पाण्याने चूळ. मला खरी काळजी होती ती वेगळीच. टोळी पुढच्या गावाला गेली तर हा परत येणार कधी? स्क्रू ठेवले असते तर त्यावर हिरडी चढली असती. बार ठेवले तर निदान कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणचा दातांचा डॉक्टर तारा कापू शकतो. हेही मी चिठ्ठीत लिहून दिलं.

तो आला. ट्रॅक्टरवर बसून, दर आठवड्याला नाही, पण आला. सहाव्या आठवड्यात तारा काढल्या तेव्हा त्याची बायको शेजारी उभी राहून मोजत होती. मी एकेक तार उलटी पिळून, एका बाजूने कापून ओढायची आणि ट्रेमध्ये टाकायची. "अठरा," ती म्हणाली, मी थांबले तेव्हा. मग मागच्या दाढांजवळच्या दोन राहिलेल्या सापडल्या.

मी त्याला सावकाश दात मिटायला सांगितलं. तोंड उघडताना जबडा अजून थोडा उजवीकडे सरकत होता, त्यासाठी व्यायाम सुरू ठेवायचा होता. त्याने दात मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"आधी उजवीकडं लागायचं," तो म्हणाला. "आता दोन्हीकडं एकदमच लागतंय."