वायर स्ट्रिपर निवडताना तांब्याकडे पाहावे

घरातील वायरिंगमध्ये दोष उद्भवला की आपला पहिला संशय स्विचवर, एमसीबीवर किंवा वायरच्या कंपनीवर जातो. वायरचे टोक कसे सोलले होते, हे सहसा कोणी विचारत नाही, कारण ते टोक बोर्डाच्या आत स्क्रूखाली दडलेले असते. कोल्हापुरातील घरांमध्ये वायरिंगची कामे करताना जुने बोर्ड उघडले की काळवंडलेल्या टर्मिनलमध्ये अर्धवट तुटलेल्या तारांची टोके मला वारंवार दिसतात. म्हणूनच साधा वायर स्ट्रिपर, म्हणजे वायरचे आवरण सोलायचे हत्यार, दोन-अडीचशे रुपयांत मिळत असला, तरी तो विचारपूर्वक घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

दिव्यांसाठी आपण जी 1.5 चौरस मिलिमीटरची फ्लेक्झिबल वायर ओढतो, तिच्यात बहुतेक कंपन्यांच्या मालात 0.3 मिलिमीटर जाडीच्या 22 तारा असतात. पक्कड किंवा कटरने आवरण दाबून ओढले, की कडेच्या तीन-चार तारा आवरणाबरोबरच निघून येतात. चार तारा गेल्या म्हणजे तांब्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला, आणि तोही नेमका स्क्रूच्या पकडीत यायच्या जागी. ज्या तारा तुटत नाहीत पण ज्यांवर चरा पडतो, त्यांचा धोका याहून फसवा असतो, कारण त्या क्षणी काम नीट झाल्यासारखे वाटते आणि पुढे प्लेट बसवताना वायर मागे दुमडली की तार चऱ्यापाशीच तुटते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागांतील काही घरांत अजूनही ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिच्यावर चरा पडल्यास ती दोन-तीनदा वाकवताच हातात येते. स्ट्रिपरची खरी परीक्षा म्हणूनच आवरण किती झटपट निघाले यावर होत नाही. आवरण निघाल्यावर तांबे कसे दिसते, यावर होते.

दुकानात ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, ती म्हणजे स्ट्रिपरच्या छिद्रांवरील आकडे. आपल्याकडील वायर 1, 1.5, 2.5, 4 अशा चौरस मिलिमीटरच्या मापात मिळते, तर बाजारातील अनेक स्ट्रिपरवर तारेची जाडी क्रमांकाने सांगणाऱ्या अमेरिकन गेजचे, म्हणजे एडब्ल्यूजीचे, आकडे कोरलेले असतात. या पद्धतीतील 16 क्रमांक म्हणजे सुमारे 1.3 चौरस मिलिमीटर, 14 म्हणजे सुमारे 2.1 आणि 12 म्हणजे सुमारे 3.3. आपली 1.5 आणि 2.5 ही दोन्ही नेहमीची मापे यांच्या अधेमधे पडतात. छिद्र लहान पडले तर दाते तारांना लागतात, आणि मोठे पडले तर आवरण कापले न जाता ताणून फाटते. त्यातच काही स्ट्रिपरवर एकाच छिद्राला दोन आकडे असतात, एक एकसंध तारेसाठी आणि दुसरा अनेक तारांच्या वायरसाठी, कारण तितक्याच तांब्याचा अनेक तारांचा जुडगा जाडीला थोडा अधिक भरतो. आपल्या जुन्या वायरमन मंडळींच्या तोंडी असलेले तीन-वीस, सात-वीस (म्हणजे 20 गेजच्या तीन किंवा सात तारा) हे आकडे तर ब्रिटिश गेजचे आहेत. त्यातील 20 गेजची तार 0.91 मिलिमीटरची, तर अमेरिकन 20 गेजची 0.81 मिलिमीटरची असते. त्यामुळे दुकानदाराने नुसते ‘गेज’ म्हटले, तर कोणते गेज हे विचारावेच. शक्यतो चौरस मिलिमीटरमध्ये मापे दिलेला स्ट्रिपर मागावा.

प्रकारांविषयी सांगायचे, तर दिवसभर एकाच मापाची वायर सोलणाऱ्याला स्क्रू फिरवून माप पक्के करायचा साधा स्ट्रिपर पुरेसा असतो. मात्र वायर बदलली की माप पुन्हा लावावे लागते आणि हलक्या प्रतीच्या मालात तो स्क्रू काम करता करता सैल होतो. जबड्यातील पकडीने वायर धरून पात्याने आवरण ओढून काढणारा ऑटोमॅटिक स्ट्रिपर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पॅनेल बांधणाऱ्यांना फार उपयोगी पडतो, कारण तेथे एकाच लांबीची शेकडो टोके सोलायची असतात आणि लांबी ठरवणारा अडसर वेळ वाचवतो. घरातील जुन्या बोर्डात परिस्थिती वेगळी असते. तेथे पाइपातून जेमतेम दोन इंच वायर बाहेर आलेली असते आणि ऑटोमॅटिक स्ट्रिपरचे रुंद तोंड त्या डब्यात शिरतच नाही. रबरी आवरणावर तर त्याची पकड घसरते. घरगुती कामासाठी मी म्हणूनच निमुळत्या तोंडाचा, ठरावीक छिद्रांचा स्ट्रिपर पसंत करतो.

खरेदीला लक्ष्मीपुरीत जा किंवा शाहूपुरीत, आपण वापरतो त्या प्रत्येक मापाच्या वायरचा वीतभर तुकडा सोबत न्यावा. काउंटरवरच वायर सोलून पाहण्यात संकोच बाळगू नये. चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही. सोललेले टोक उजेडात धरून तारा फुलासारख्या उमलवाव्यात आणि मोजाव्यात, मग नखाच्या कडेने चरे चाचपावेत. आवरणाची कड सरळ कापलेली असावी. तिला शेपटासारखा ओढलेला भाग राहिला, तर पाती बोथट आहेत किंवा छिद्र मोठे आहे. त्यानंतर जबडा मिटून उजेडासमोर धरावा. दोन्ही पात्यांची अर्धवर्तुळे एकमेकांसमोर तंतोतंत येत नसतील किंवा बिजागरी आडवी हलत असेल, तर तो नग परत ठेवावा, मग त्यावर कोणाचेही नाव असो.

मुठीवरील रंगीत प्लॅस्टिकवर विसंबू नये. ते पकडीसाठी असते. चालू विजेवरील कामासाठी बनवलेल्या हत्यारावर 1000 व्होल्टचा आकडा आणि दोन त्रिकोणांचे चिन्ह असते, आणि तसे हत्यार हातात असले तरी वायर सोलण्यापूर्वी मेन बंद करून टेस्टर लावून पाहावाच.

स्विचच्या टर्मिनलसाठी साधारण 8 ते 10 मिलिमीटर सोलणे पुरते. नेमके माप त्या स्विचवर किंवा त्याच्या खोक्यावर दिलेले असल्यास तेच पाळावे, कारण उघडे तांबे टर्मिनलबाहेर राहणे जितके वाईट, तितकेच आवरण स्क्रूखाली दबणेही वाईट. स्ट्रिपरने खिळे किंवा बांधणीची लोखंडी तार कधीही कापू नये, एवढे पथ्य पाळले तर पाती वर्षानुवर्षे टिकतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पिशवीतील हत्यारांना गंज लवकर धरतो, तेव्हा बिजागरीत तेलाचा थेंब सोडून पाती कोरड्या फडक्याने पुसून ठेवावीत. ऑटोमॅटिक स्ट्रिपर घेणाऱ्याने त्याची बदली पाती येथे सुटी मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.