लाकडाचा संकासूर चालायला लागेपर्यंत

कळसूत्री बाहुली करायची ठरवली तेव्हा पात्र शोधावंच लागलं नाही. गोव्याच्या पेडण्यातल्या आमच्या गावच्या काल्याला, म्हणजे देवळाच्या जत्रेला, दशावतारी नाटक होतं आणि त्यातला संकासूर लहानपणापासून माझ्या डोळ्यांत बसलेला आहे: अंगभर काळा वेश, काळ्या कापडाने झाकलेला चेहरा, त्यावर पांढरे डोळे आणि लोंबणारी लाल जीभ. तो सरळ चालत नाही, उड्या मारतो, झुलतो. दोरीवरच्या बाहुलीला हेच सगळ्यात चांगलं जमतं.

आधी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या पाहून आलो. ही कला जपल्याबद्दल तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पेडण्याहून पिंगुळी इतकी जवळ, तरी आमच्याकडच्या मुलांना बाहुली म्हटलं की राजस्थानची कठपुतळीच आठवते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्या कठपुतळीला बहुधा पाय नसतात, घेरदार घागऱ्यात सगळं झाकलं जातं. मला मात्र पाय हवे होते, कारण संकासुराची सगळी गंमत पायांत आहे.

लाकडासाठी गावातल्या सुताराकडे, मेस्तकाकांकडे गेलो. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची, म्हणून मी पांगारा मागितला. ते म्हणाले, "पांगारा हलका खरा, पण पटाशीला जराही धार कमी असली की दबतो, तुटक तुटक निघतो. डोकं नि हात शिवणीच्या लाकडाचे कर. धड पांगाऱ्याचं चालेल." शिवण वाळल्यावर फारशी आकसत नाही की तडकत नाही आणि बारीक कोरकाम धरून ठेवते. आमच्याकडच्या दमट हवेत हे फार महत्त्वाचं. पावसाळा संपल्यावर वाळलेला ठोकळा मिळाला आणि मगच काम सुरू केलं.

बाहुली दीड फुटाची. डोकं आणि पंजे मुद्दाम प्रमाणाबाहेर मोठे ठेवले, कारण मागे बसलेल्याला तेवढंच दिसतं. ठोकळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या अंगावर पेन्सिलीने आकृती काढली, करवतीने नको ते काढून टाकलं आणि गोल पटाशीने चेहरा घेतला. लाकडाच्या रेषा कपाळाकडून हनुवटीकडे उभ्या ठेवल्या, म्हणजे नाक आडवं तुटत नाही. कानस, पॉलिशपेपर आणि पुढे रंग. चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा हात आधी दिला; सावंतवाडीच्या गंजिफांना, म्हणजे खेळायच्या गोल पत्त्यांना, हाच थर देतात. वरचा काळा रंग बिनचमकीचा घेतला, नाहीतर दिव्याखाली डोळेच दिसत नाहीत. जीभ लाल कापडाची.

चेहऱ्याचं कौतुक सगळे करतात, पण बाहुली जिवंत होते ती सांध्यांत. गुडघा फक्त मागे वाकायला हवा. त्यासाठी मांडीच्या खालच्या टोकाला खाच केली, पोटरीच्या वरच्या टोकाला तीत बसेल अशी पट्टी काढली आणि दोन्हींतून आडवी तार घातली. पुढच्या बाजूला लाकडं एकमेकांना टेकतात म्हणून पाय पुढे दुमडत नाही. मागची कड तिरकी तासली, तेवढाच तो मागे जातो. कोपराला हाच सांधा, फक्त उलट दिशेने. खांद्याला चामड्याची पट्टी, मानेला एकमेकांत अडकवलेल्या दोन कड्या. छाती आणि कंबर वेगवेगळी ठेवून मध्ये कापड लावलं. लचक तिथूनच येते. सांधे इतके सैल हवेत की बाहुली उचलून हलवली की हातपाय आपोआप झुलले पाहिजेत.

मग वजन. हलकं पाऊल जमिनीवर ठरत नाही, हवेत तरंगतं. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी बाजारात मिळते. तळपायाला भोक पाडून ती आत बसवली आणि वरून लाकडाची खुंटी ठोकली. पंजातही एक लहान गोळी घातली. त्या दिवसापासून पावलाला ठेका आला.

दोरे एकूण नऊ: खांद्यांना दोन, कानांच्या वर दोन, हातांना दोन, गुडघ्यांना दोन आणि पाठीला एक. अख्खा भार खांद्यांच्या दोऱ्यांवर असतो, म्हणून ते सगळ्यांत आधी बांधायचे. पाठीचा दोरा वाकून नमस्कार करण्यासाठी. नायलॉनची एकेरी तंगूस दिव्यात चमकते, त्यामुळे विणलेली काळी दोरी घेतली. वरचा लाकडी फुलीचा दांडा कोपर काटकोनात ठेवून धरला, बाहुलीची पावलं जमिनीला जेमतेम टेकवली आणि त्या उंचीला दोरे कापले. गुडघ्यांचे दोरे वेगळ्या आडव्या पट्टीवर. ती पट्टी दुसऱ्या हाताने डावी-उजवी झुकवली की संकासूर चालतो, झटका दिला की उडी मारतो.

गाठींवर डिंक लगेच लावायचा नाही. थोडे दिवस रोज चालवून बघायचं, कुठला दोरा ढिला, कुठला ओढतोय ते हाताला कळतं. माझ्या संकासुराचा डावा हात अजून जरा खाली हवा आहे; तेवढं झालं की डिंक लावेन आणि सूत्रधाराच्या बाहुलीसाठी शिवणीचा दुसरा ठोकळा हातात घेईन.