कोकणातला पावसाळा आणि पाइपची तंबाखू

पाइपच्या तंबाखूच्या साठवणीबद्दल जे वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. तिकडे हिवाळाभर घरं तापवतात, आतली हवा सुकून जाते आणि तंबाखूचा चुरा होतो. म्हणून त्यांची सगळी अक्कल तंबाखूला ओल कशी द्यायची यात खर्च झालेली. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ओल द्यावी लागत नाही, ती आपणहून येते. भिंती फुगतात, चामड्याच्या पट्ट्यावर भुरी चढते, मिठाला पाणी सुटतं. असल्या हवेत तंबाखू वर्षानुवर्षं चांगली राहू शकते, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण त्यासाठी तिकडचे सल्ले अर्धे उलटे करून वाचावे लागतात.

मी बोटीवर होतो. मर्चंट नेव्हीतून चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. खळातला, म्हणजे बोटीच्या पोटातल्या कोठारातला, माल भिजू न देणं ही चीफ ऑफिसरची जबाबदारी, त्यामुळे हवेतलं पाणी कुठून येतं नि कुठे बसतं याचा विचार करायची सवय लागली. पाइपही बोटीवरच लागला. धूर शरीराला वाईटच, पाइपचासुद्धा. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका यातही आहे, याबद्दल कुणी मनात शंका ठेवू नये. म्हणून मी थोडी ओढतो. थोडी ओढायची म्हटलं की 50 ग्रॅमचा डबा कितीतरी दिवस पुरतो, आणि पुरवायचा तर तो टिकवावा लागतो.

आता मूळ मुद्दा. साठवताना पानात जेवढी ओल हवी, तेवढी ओढताना नको असते. ही दोन निराळी मापं आहेत. लोक दोन्हीसाठी एकच माप धरून बसतात आणि मग कधी जीभ पोळते, कधी बरणीला बुरशी लागते.

तंबाखूचं पान भोवतालच्या हवेतून वाफ घेतं आणि सोडतं. सापेक्ष आर्द्रता 60 ते 65 टक्के असलेल्या हवेत ते बराच वेळ राहिलं, तर त्याच्या वजनात साधारण 12 ते 14 टक्के पाणी उरतं. ओढायला ही अवस्था चांगली, काहींना आणखी थोडी कोरडी आवडते. डबा कारखान्यातून निघतो तेव्हा मात्र पान बहुधा याहून ओलं असतं. विशेषतः इंग्रजी पद्धतीच्या फ्लेक, म्हणजे दाबून वडी केलेल्या आणि मग पातळ काप काढलेल्या तंबाखू. इंग्लंडमधल्या केंडलच्या सॅम्युएल गॉविथचं, म्हणजे 1792 पासूनच्या तंबाखूच्या घराण्याचं, फुल व्हर्जिनिया फ्लेक उघडून पाहा. काप बोटांना थंड लागतात, एकमेकांना चिकटून बसलेले असतात. त्यांनी ते तसंच द्यायचं ठरवलेलं आहे. साठवणीला ते उत्तम, पण तसंच पाइपमध्ये भरलं तर धुराऐवजी वाफ ओढाल. वाफेनं जीभ भाजते, दांड्यात पाणी गुडगुडतं, तंबाखू सारखी विझते आणि आपण ती पेटती ठेवायला आणखी जोरात ओढतो. उलट फार वाळलेली तंबाखू भराभर जळते, वाटी तापते आणि चवीतला बारकावा उडून जातो.

बरणीतल्या हवेची आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास असेल तर निर्धास्त राहावं. 70 च्या पुढे लक्ष ठेवावं. 75 ओलांडलं की बुरशी हा केवळ वेळेचा प्रश्न. आमच्याकडे जुलैत बाहेरची हवा 88-90 टक्क्यांवर बसलेली असते. म्हणजे फ्लेक वाळायला कागदावर पसरून पडवीत ठेवलं, तर वाळणं दूरच, ते सादळतं. चकलीचा डबा उघडा राहिला की जे होतं तेच.

मग बरणी उघडायचीच नाही का? इथे जरा हिशोब करू. 27 अंशांना आणि 88 टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम पाणी असतं. अर्ध्या लिटरच्या बरणीतली सगळी हवा बदलली तरी आत जाणारं पाणी 11-12 मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम तंबाखूला त्याचं काहीही वाटत नाही. तेव्हा झाकण उघडून चिमूटभर काढून लगेच बंद केलं तर भिण्यासारखं काही नाही. घात होतो तो दोन गोष्टींनी. एक, नीट न बसणारं झाकण, कारण त्यातून आठवडेच्या आठवडे वाफ आत झिरपत राहते. दुसरी, गार काच.

दुसरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट कुणी सांगत नाही. 27 अंश आणि 88-90 टक्के असले की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, जवळपास 25 अंश. एसीच्या खोलीत 23 अंशांना ठेवलेली बरणी पडवीत आणली की तिची काच दवबिंदूपेक्षा गार असते. बाहेरून ती लगेच धुरकट होते, ते सगळ्यांना दिसतं. पण गप्पा मारता मारता झाकण काढून बाजूला ठेवलं, तर गळ्याच्या आतल्या बाजूलाही बारीक थेंब धरतात. ते ओघळून काचेला टेकलेल्या पानांवर येतात. बाकीची तंबाखू ठीक असते, पण काचेलगतची ती कड गडद होते आणि बुरशी पहिल्यांदा तिथेच पांढरं बोट ठेवते. बोटीवर याला कार्गो स्वेट म्हणतात. थंड मुलखात भरलेला माल घेऊन उष्ण दमट पाण्यात शिरलात की खळाचे व्हेंटिलेटर बंद ठेवायचे, कारण बाहेरची हवा आत घेतली तर ती थंड मालावर पाणी सोडते. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तरच हवा द्यायची. दर वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या दर पाळीला, ओल्या आणि कोरड्या बल्बचं तापमान घेऊन हा निर्णय व्हायचा. बरणीला तोच नियम. एसीच्या खोलीत ठेवलेली बरणी तिथेच उघडावी. पडवीतच उघडायची असेल, तर झाकण बंद ठेवून काच कोमट लागेपर्यंत थांबावं. फ्रिजमध्ये तंबाखू ठेवणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे की ठेवू नका.

ओढण्याआधी वाळवण्यासाठी मात्र एसी हा पावसाळ्यातला खरा मित्र. पाइपभर तंबाखू सुटी करून कोऱ्या कागदावर पातळ पसरायची आणि चालू एसीच्या खोलीत अर्धा-पाऊण तास ठेवायची. पंख्याच्या थेट झोताखाली नको, वरून सुकते नि आतून ओली राहते. मग चिमटीत धरून दाबायची. गोळा होऊन तसाच राहिला तर अजून ओली आहे. हळूहळू उलगडली, बोटाला ओल लागली नाही आणि कुरकुर वाजली नाही, की भरायची. यंत्रापेक्षा बोटांवर माझा जास्त भरवसा आहे. आईचं माहेर निपाणीचं. तिकडे थंडीत शेतात वाळत घातलेली विडीची तंबाखू पहाटे दवावर उचलतात, कारण तेव्हा पान मऊ असतं. ऊन चढलं की तेच पान हात लावताच तुटतं. मामांना पान हातात घेतल्याबरोबर कळायचं की आज उचलायची की अजून थांबायचं.

तरी बरणीत एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, असावा. स्वस्तातले चार-पाच टक्क्यांनी सहज चुकतात, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, त्यावर थोडे थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत करायचं, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते बूच आणि हायग्रोमीटर एका घट्ट बरणीत रात्रभर बंद ठेवायचे. सकाळी आकडा 75 च यायला हवा, कारण ओल्या मिठावरची बंद हवा आपल्या घरातल्या तापमानाला 75 टक्क्यांवरच स्थिर होते. 71 दाखवला तर यापुढे त्याच्या आकड्यात चार मिळवून वाचायचं. बोव्हेडासारख्या ज्या पुड्या मिळतात, त्यांतही अशीच क्षारांची दाट द्रावणं असतात. 62 किंवा 65 लिहिलेली पुडी त्या आकड्याच्या वर ओल शोषते, खाली सोडते. सिगारसाठी त्या छान. पाइपच्या तंबाखूला, झाकण घट्ट असेल तर, त्यांची गरज नाही असं माझं स्पष्ट मत. सिलिका जेल तर अजिबात टाकू नये. ते असं ठरावीक आकड्याला थांबत नाही, पानातला जीव शोषूनच घेतं.

सगळा भार झाकणावर आहे. मी रुंद तोंडाच्या अर्ध्या लिटरच्या काचेच्या बरण्या वापरतो, आट्याचं झाकण आणि आत रबरी वॉशर असलेल्या. लोणच्याच्या जुन्या बरणीचा वास वॉशरमधून जात नाही, तेव्हा नवीच घ्यावी. मूळ पत्र्याच्या डब्यात, सील न फोडताही, आमच्याकडे फार काळ ठेवू नये. खाऱ्या हवेनं पत्रा आधी कडांना गंजतो आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं तरी सील संपलं. झिपच्या प्लॅस्टिक पिशव्यांतून वास जातो, वासाबरोबर ओलही येते-जाते. जागा आतल्या खोलीतल्या कपाटातली, अंधारी. माळ्यावर नको. कौलांखाली दुपारी बरणीतली हवा तापून फुगते आणि फटीतून बाहेर पडते, रात्री आकसते आणि दमट हवा आत ओढते. झाकण थोडं जरी ढिलं असेल तर हे रोज चालतं.

भरायचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत सकाळी डोंगराकडून वारा येतो आणि उन्हं वर आली की हवा वर्षातली सर्वांत कोरडी असते. नवीन आलेले डबे मी शक्यतो तोवर थांबवतो. ओलं फ्लेक असेल तर तसंच बरणीत भरतो, कारण व्हर्जिनिया जातीच्या पानातली साखर मुरायला थोडी ओल लागते. पान कडकडीत वाळलं की मुरणंही थांबतं, नंतर ओल दिली तरी गेलेला सुगंध परत येत नाही. फारच चिंब असेल तर काप तासभर मोकळे करून मग भरतो. लाटाकिया असलेल्या मिश्रणांना मात्र फार वर्षं ठेवण्यात अर्थ नाही. लाकडाच्या धुरावर धरलेल्या त्या पानाची धुरकट धार काळाबरोबर बोथट होते. तीच ज्यांना हवी त्यांनी ती ताजी संपवावी. सुगंधी तंबाखूंची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत पुष्कळदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, ते पाणी धरून ठेवतं. त्या बोटांना ओल्या लागतात आणि कितीही वेळ पसरल्या तरी थोड्या चिकटच राहतात. त्यांना चिमटीची परीक्षा लावू नये.

नागपूरला पुतण्या असतो. मे महिन्यात त्याचा फोन आला, "काका, तुमची बरणीची पद्धत इकडे चालेना. पाउचमधली तंबाखू पार चहापत्ती झालीय." पाउच उघडा पडला होता, आणि तिकडच्या उन्हाळ्यात तो सुकायला काही दिवस पुरतात. त्याला मी माठाची खापरी वापरायला सांगितली. कोऱ्या माठाचा नाहीतर पणतीचा रुपयाएवढा तुकडा उकळून घ्यायचा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचा आणि फडक्यानं पुसून कोरडा दिसेल असा करायचा. तंबाखूवर फॉइलचा कपटा, त्यावर खापरी, वर झाकण. रोज तंबाखू वरखाली करून चिमटीत बघायची आणि जमली की खापरी काढून टाकायची. काढायला विसरू नये. घाई असेल तर पातेल्यात तंबाखू पसरून वरून ओलं, पिळलेलं सुती फडकं ताणून बांधायचं, फडकं पानाला टेकता कामा नये. सफरचंदाची किंवा बटाट्याची साल टाकायचा जुना उपाय मात्र त्याला करू दिला नाही. सालीबरोबर बुरशी आयतीच आत जाते.

बुरशी आणि मुरलेल्या पानावरचे स्फटिक यांत गोंधळ होतो. जुन्या व्हर्जिनियावर कधीकधी साखरेसारखे चमकणारे बारीक कण दिसतात, ते चांगले. बुरशी केसाळ असते, जाळं धरते आणि झाकण उघडताच बंद घराचा कुबट वास येतो. तिथे निवडत बसू नये, सगळी बरणी टाकावी. किडीकडेही डोळा ठेवावा. हळद, धणे, मिरची यांना भोकं पाडणारा तांबूस बारीक किडा तंबाखूलाही लागतो. आमच्याकडे बारा महिने त्याला हवी तेवढी ऊब असते. म्हणून मसाल्याचं कपाट आणि तंबाखूचं कपाट वेगळं.

एक गोष्ट प्रत्येकानं करावी अशी. बरणी भरली की झाकणासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन करायचं, आणि तंबाखूचं नाव, भरल्याची तारीख यांच्याबरोबर ते चिठ्ठीवर लिहायचं. मधल्या काळात न उघडलेली बरणी दसऱ्याला पुन्हा तोलायची. वजन तेच असेल तर झाकण चोख. दोन-तीन ग्रॅम वाढले असतील तर ते ग्रॅम पावसाचे आहेत. तंबाखू बाहेर काढून बोटांनी बघायची, वॉशर बदलायचा आणि ती बरणी आधी संपवायला घ्यायची.