बरोबरीसुद्धा पुरली असती!

मुंबई सिटीवाल्यांनो, 15 एप्रिल 2024, आयएसएल फुटबॉल लीगच्या साखळीचा शेवटचा सामना. गणित सोपं होतं. 21 सामन्यांनंतर आपले 47 गुण, मोहन बागानचे 45. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर बरोबरी झाली असती तरी शील्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याची ट्रॉफी) आपली. पण अशा वेळी पहिला गोल खाल्ला की सगळा हिशेबच उलटतो. 28व्या मिनिटाला बागानचा लिस्टन कोलासो, 80व्याला कमिंग्ज. आपल्या छांगतेने 89व्याला एक फेडला, पण उशिरा. 2-1. बागान 48, आपण 47.

2021 मध्ये शेवटच्या दिवशी आपण त्यांना 2-0 हरवून शील्ड नेली, तेव्हा दोघांचे 40 गुण होते. फिटंफाट.

कप (साखळीनंतरच्या बादफेरीची ट्रॉफी) मात्र तेव्हा बाकी होता. पहिले दोघे थेट उपांत्य फेरीत, म्हणजे बादफेरीचा एक सामना वाचला. शिवाय उपांत्य फेरीची दुसरी लढत घरी, अंधेरीत.